चौकोन क्रमांक सात

जागा: टेकडीचा उतार.
मावशी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. सुट्टीत तिने तिन्ही पोरांना कामाला जुंपलं. सुतळीने आखलेल्या दहा चौकोनांत काय काय उगवलंय ते पाहायचं आणि तक्त्यात भरायचं. त्यांत थोरल्या तुरतुरीचे तक्ते सगळ्यांच्या आधी भरून झाले. मग सगळे तक्ते रस्त्याच्या इंजिनिअरकडे गेले. जिथे नुसतं गवत, तिथून रस्ता. म्हणजे सातमधून. आज दुपारी.

फळ: बारीक, आकड्यांचं.
ते तुरतुरीच्या धाकट्या भावाच्या मोज्याला चिकटलं होतं. मावसभाऊ भिंग्याने भिंगातून पाहिलं, दहाही तक्त्यांच्या घरी ठेवलेल्या नकला चाळल्या. कुठेच नाही. धाकटा म्हणाला, उडालेली टोपी आणायला सातमध्ये गेलो होतो.
"सातमध्ये नुसतं गवत आहे, ताईने लिहिलंय," भिंग्या म्हणाला. "म्हणजे मोजाच थापाड्या."
तुरतुरीचे कान तापले. सातमध्ये लाल मुंग्या होत्या. ती बाहेरच दगडावर बसली होती आणि सहाचा तक्ता जसाच्या तसा उतरवला होता.

पान: समोरासमोर. फूल: पांढरं, तिळाएवढं.
तिघांनी सात धुंडाळला. अकरा रोपटी. खाली रोलर धडधडत होता.
भिंग्या कुजबुजला, नंतर उगवली म्हणून सांगू. तुरतुरीला ते फार सोयीचं वाटलं. तरी ती मावशीपुढे जाऊन उभी राहिली.
"मी आत गेलेच नव्हते. सहाचं उतरवलं."
मावशी तिघांना घेऊन तडक खाली रोलरजवळ गेली आणि इंजिनिअरला काम थांबवायला सांगितलं. ती तुरतुरीवर ओरडली असती तर बरं झालं असतं.
इंजिनिअर हसला. पोरांच्या भरवशावर कामं अडवायची का, म्हणाला. त्याच्याकडच्या सातच्या तक्त्याखाली त्याचीही सही होती: प्रत्यक्ष पाहणी केली.
"काका, तुम्हाला मुंग्या किती चावल्या?" तुरतुरीने विचारलं.
"कसल्या मुंग्या?"
धाकट्याने पँट गुडघ्यापर्यंत ओढली. पायभर लाल गांध्या. इंजिनिअर आपल्या चकचकीत बुटांकडे बघत राहिला. मग त्याने हात हलवून रोलर माघारी धाडला.

शेरा:
हे रोपटं बारा वर्षांत इथे कुणाला दिसलं नव्हतं, असं मावशीने सांगितलं. तिघांना शाबासकी दिली. तुरतुरीची मान वर होईना. मावशीने तिच्या हातात कोरा तक्ता ठेवला.
"अजून दोन दे," तुरतुरी खाली बघत म्हणाली. "तीन आणि नऊसुद्धा उतरवलेत."

नोंद करणारी: तुरतुरी. चौकोन: सात. स्वतः आत जाऊन. चावे: चौदा.