कानातला माणूस

"ओ आजोबा, रांग मागे आहे… हो, तुमच्याशीच बोलतेय!"

सोफियात जुन्या स्नानगृहामागे गरम झऱ्याचे नळ आहेत. शनिवारी सकाळी तिथे कॅन घेऊन अर्धं गाव उभं असतं. आजोबा पुटपुटत मागे सरकले. पण रादिनाच्या पुढचा उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस तिचा आवाज ऐकून गर्रकन वळला. त्याचा कॅन भरून वाहत होता… त्याचं लक्षच नव्हतं.

"तुम्ही… रादिना तेस्फाये?"

रादिनाने ओठ आवळले. पुढचा प्रश्न तिला पाठ होता – असा सावळा रंग, असे कुरळे केस, आणि बल्गेरियन इतकं अस्सल कसं? जन्मभर ती एकच उत्तर देत आली होती. आई इथलीच, वडील इथिओपियाहून डॉक्टरकी शिकायला आलेले.

त्याने ते विचारलंच नाही. "सर्दी बरी झाली का?" म्हणाला.

"माझी सर्दी?"

"मंगळवारी कैरोहून बोलताना तीनदा शिंकलात. ध्वनिमुद्रणातून शिंका कापता कापता माझ्या नाकी नऊ आले."

आता तिला तो आवाज ओळखू आला. "स्टुडिओ!" ती किंचाळलीच. "तुम्ही स्टुडिओ?"

"आईने नाव मोमचिल ठेवलंय. पण स्टुडिओही चालेल."

पाच वर्षं ती रेडिओची परदेशी वार्ताहर होती – बैरूत, खार्टूम, कैरो. रोज संध्याकाळी बातमीपत्राआधी सोफियाच्या स्टुडिओतल्या तंत्रज्ञाचा हाच आवाज हेडफोनमधून तिच्या कानात म्हणायचा, "बोला, ऐकतोय." खार्टूममध्ये तोफांनी खिडक्या थरथरत होत्या, तेव्हा त्याने हळूच विचारलं होतं, "जेवलात का?"

"मला वाटायचं, तुम्ही टकले असाल," ती म्हणाली.

"मला वाटायचं, तुम्ही रागीट असाल." तो आजोबांकडे बघून हसला. "माझा अंदाज बरोबर निघाला."

रादिना दोन महिन्यांच्या रजेवर आली होती, दुसरं पुस्तक पुरं करायला. युद्धांवरचं पहिलं चांगलं खपलं होतं. हे आईवडिलांचं. ती सहा वर्षांची असताना बाबा आदिस अबाबाला परतले, आई गेली नाही… आणि पुस्तक चाळिसाव्या पानावर अडून बसलं होतं.

मोमचिल रोज संध्याकाळी बातमीपत्र संपल्यावर बागेत येई. ती लिहिलेलं वाचून दाखवे; तो सूर्यफुलाच्या बिया सोलत डोळे मिटून ऐके. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"हे बातमी वाचल्यासारखं वाटतं," एकदा तो म्हणाला.

"म्हणजे?"

"बाबा गेले त्या दिवशीची थंडी सांगितलीस, विमानाची वेळ सांगितलीस. पण तू कुठे होतीस, रादिना?"

ती कागद गोळा करून तडक उठली. दोन दिवस तिने त्याचा फोन घेतला नाही. तिसऱ्या पहाटे तिने लिहिलं – ती स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली होती. बाबांचा एक बूट पोटाशी धरून. लिहिता लिहिता ती रडली, आणि मग पुस्तक थांबेचना…

सप्टेंबरात, बुधवारी, नव्या नेमणुकीचा हुकूम आला. नैरोबी. दोन वर्षं.

तिने त्याला ते सांगितलं शनिवारी, आईच्या बाल्कनीत. तिथे लाल मिरच्या भाजणं चालू होतं. तिच्या आईला, नेवेनाबाईंना, खूश करायला मोमचिल बाजारातून पोतंभर मिरच्या घेऊन आला होता, आणि कोपरापर्यंत काळा होऊन सोलत बसला होता. ऐकून त्याने पुढची मिरची सोलायला घेतली.

नेवेनाबाई मात्र बोलल्या, मिरचीवरची नजर न हलवता. "पोरांनो, माझ्यासारखं करू नका. हिच्या बाबांनी 'चल' म्हटलं नाही, मी 'थांब' म्हटलं नाही. दोघंही मानी. तीस वर्षं झाली." मग त्या उठल्या. "बरण्या आणते."

बरण्या त्यांच्या पायाशीच होत्या.

तोफांच्या आवाजातही रादिनाची जीभ कधी अडखळली नव्हती…

"मोमचिल… मी जाणार. हे काम आवडतं मला. पण – तू चल ना!"

"कुठे?"

"किती छळतोस! आधी आदिसला. बाबांना भेटायचंय, एकटीने धीर होत नाही. मग नैरोबीला."

"मायक्रोफोन धरायला?"

"हात धरायला."

तो खाली मान घालून म्हणाला, "सहा महिन्यांच्या बिनपगारी रजेचा अर्ज दिलाय. सोमवारी."

"सोमवारी? मला हुकूम बुधवारी आला!"

"ऑफिसात भिंतींना कान असतात, आणि त्यातले दोन माझे."

"मग इतका वेळ गप्प का बसलास?"

"तू बोलवतेस का, ते ऐकत होतो."

रादिनाने त्याच्या गळ्यात हात टाकले. तिच्या गालावर त्याची पाचही काळी बोटं उमटली. तिला त्याचं भानच नव्हतं.

"झालं का?" आतून नेवेनाबाईंचा आवाज आला, थोडा ओला, थोडा हसरा. "मिरच्या जळतायत माझ्या!"