वाढलं

कुसुर्डीच्या प्रसूतिगृहात मराठी जाणणारं माणूस औषधालाही उरलं नव्हतं, आणि त्याची कुणाला खंतही नव्हती. डॉक्टरीणबाई पडद्यावरून बोलत, त्या बसत तिकडे कझाकस्तानात. नर्स मणिपूरची, झाडूवाला ओडिशाचा. मधे होती मैना. सरकारी नाव ‘अर्थवाहक’, पण कळा देताना एवढं मोठं नाव कोण घेणार? कानामागे चिकटवायची टिकलीएवढी चकती. तिच्यावर बोट ठेवून मराठीत बोला, पलीकडच्याला त्याच्या भाषेत ऐकू जाणार, तेही तुमच्याच आवाजात. बोट काढलं की घरचं बोलणं घरात. मैनेला अर्थाची खात्री असली की खाटेवर हिरवा दिवा लागे. शंका असली की पिवळा, आणि मग ती उलट विचारी, म्हणजे नेमकं काय? पूर्वी या कामाला पगारी दुभाषी बाया होत्या. त्या शंका असो-नसो, दहादा उलट विचारायच्या. फार वेळ खातात म्हणून त्यांना घरी बसवलं.

सुगंधाबाई मोरजकर सुनेच्या, श्रावणीच्या, उशाशी बसल्या होत्या. जिभेनं तिखट बाई, पण सुनेवर जीव होता, खोटं कशाला बोला. श्रावणीचं पहिलं बाळंतपण सिझरनं झालं होतं. या खेपेला आपसूक सुटेल, फक्त जुन्या टाक्यांकडे लक्ष ठेवायचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दुपारी कळांनी जोर धरला आणि श्रावणी एकाएकी ताठ झाली. सासूचं मनगट घट्ट धरून म्हणाली, “आई, आत काहीतरी फुटलं.”

“अगं, अशा वेळी फुटलं म्हणतात का? वाढलं म्हण.”

आता यात त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. अभद्र शब्द तोंडातून काढू नये, हे त्यांना त्यांच्या सासूनं शिकवलं होतं. श्रावणी मुलखाची ऐकणारी पोर. तिनं चकतीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “डॉक्टर, आत काहीतरी वाढलं.”

हिरवा दिवा लागला. पलीकडे ऐकू गेलं ते असं, की कळ वाढली. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, वाढायलाच हवी, बाळाचे ठोके छान आहेत, धीर धर. थोड्या वेळानं कळा थांबल्याच. सुगंधाबाईंना वाटलं, दमलेल्या पोरीला डुलकी लागली. त्यांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि पंखा हळू केला.

यंत्रं बोंबलायला लागली तेव्हा गर्भाशय जुन्या टाक्यांवर उसवून पोट रक्तानं भरलं होतं. नातू वाचला. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. श्रावणी गेली.

मैना बनवणाऱ्यांपैकी एक, डॉक्टर मिहिर सबनीस, चौकशीला आले. मराठी माणूस होता, खरं बोलणारा होता. सुगंधाबाईंनी मुलालाही न सांगितलेली गोष्ट त्यांना सांगितली, की शब्द मी बदलायला लावला. मग विचारलं, नारळ वाढवला म्हटलं तर तुमच्या मैनेला कळतं ना? पोटाचं कसं कळलं नाही?

सबनीसांनी समजावलं. मैना शब्दकोश बघत नाही, ती बायकांकडून शिकते. घरी जाताना प्रत्येकीला विचारते, मी तुमचं म्हणणं नीट पोहोचवलं का? हो म्हटलं की त्या अर्थावर तिचा भरवसा वाढतो, नाही म्हटलं की घटतो. कळा देताना ‘वाढलं’ म्हणणाऱ्या हजारो बायकांनी बाळ कुशीत घेऊन ‘हो’ म्हटलं होतं. त्यांची कळच वाढली होती.

“आणि ज्यांचं फुटलं होतं त्या?” सुगंधाबाईंनी विचारलं.

सबनीसांनी चौकशीची वही मिटली.

“त्या सांगायला उरल्याच नाहीत,” सुगंधाबाईच म्हणाल्या. “म्हणून तुमची मैना दिवसेंदिवस शहाणी होतेय.”

त्यांनी हात जोडले. फार नको, म्हणाल्या, त्या एका शब्दाला पिवळा दिवा लावा. तिनं उलट विचारलं असतं तर पोरीनं खरं सांगितलं असतं. श्रावणीच्या वतीनं माझं ‘नाही’ नोंदवून घ्या.

“तुमचं चालत नाही, काकू,” सबनीस म्हणाले. “जी बोलली तिनंच सांगायला हवं. नातेवाइकांची साक्ष आम्ही मुद्दाम बंद केली. सासवा सुनांच्या तोंडी आपले शब्द घालायच्या.”

नातवाला बघायला म्हणून सुगंधाबाई उठल्या. वाटेत पडद्याआडून एका पोरीचं कण्हणं ऐकू आलं. फुटेल गं आता सगळं, ती म्हणत होती, आणि तिची आई तिला दटावत होती, फुटेल काय म्हणतेस, वाढेल म्हण. सुगंधाबाईंनी सरळ पडदा बाजूला ओढला.

“पोरी, फुटलं असेल तर फुटलंच म्हण. कुणाचं ऐकू नकोस.”

पोरीची आई ताडकन उठली. ही कोण, हिच्या घरी काय झालं, हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं. तिनं सुगंधाबाईंना खांद्याला धरून बाहेर काढलं. “अहो, तुमचं झालं ते झालं. माझ्या लेकीवर कशाला सावली पाडता?” मग आत जाऊन तिनं लेकीच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

“म्हण बाळा, नीट म्हण.”

पोरीनं भेदरलेल्या डोळ्यांनी सुगंधाबाई गेल्या त्या पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे. चकतीवर बोट ठेवून ती म्हणाली, “डॉक्टर, वाढलंय.”

खाटेवर हिरवा दिवा लागला.