शिवडीच्या गोदामातलं उत्तर

छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबईत गोळीबार चालू असताना, हे मोर्च्याला गेले ते रात्री परतलेच नाहीत. मी जरीमरी आईला नवस बोलले, ह्यांना सुखरूप आण, एकवीस मंगळवार धरीन. तिसऱ्या दिवशी हे आले. शर्टाची एक बाही फाटलेली, बाकी धड. मी मंगळवार फेडले, आईची ओटी भरली. त्याच दिवसांत शिवडीला आणखी एक बाई असाच नवस बोलून बसली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ते सांगितलं मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. त्यांचा सगळा जन्म गोदीत गेलेला. लालबागच्या आमच्या चाळीत पुढे एका रात्री वीज गेली होती आणि पोरं गॅलरीत जमून भुताची गोष्ट मागत होती. मामंजींनी बिडी पेटवली.

"माझी नाय ही गोष्ट. बुधाजीची. शिवडीला कापसाच्या गोदामावर मुकादम होता, माझ्या ओळखीतला."

"भुतानं युनियनची वर्गणी भरलेली का, आजोबा?" शेजारच्या वसंताने विचारलं.

"आधी ऐक. मग हस."

गोदामात कापसाच्या गासड्यांच्या थप्प्या माणसाच्या तिप्पट उंच असत. मागे कोण काम करतंय, पुढून दिसत नसे. म्हणून रीत अशी, की दार ओढण्याआधी मुकादमाने हाक द्यायची, "कोण राहिला?" मग थोडं थांबायचं, आणि मगच कुलूप. दंगलीच्या त्या संध्याकाळी रस्त्यावर गोळीचा आवाज झाला, हमालांची टोळी पळत सुटली आणि बुधाजीने हाक न देताच दार ओढलं. थप्पीमागे टोळीतला सीताराम राहिला होता. धावपळीत एक गासडी त्याच्या पायावर घसरली होती.

रात्री त्याची बायको कौसल्या बुधाजीच्या दारात उभी.

"मुकादम, आमचं माणूस आलं नाय. जरीमरी आईला नवस बोललेय. एकदा गोदाम उघडून बघा ओ."

"मोर्च्यात घुसला असंल. आणि किल्ली सायबाकडं."

किल्ली त्याच्या कमरेला होती. कर्फ्यूत बाहेर पडायची भीती होतीच, पण हाक दिली नव्हती हे उघडं पडायची त्याहून जास्त. कौसल्या दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशीही आली. तेव्हा तर बुधाजीने दारही उघडलं नाही. आतूनच म्हणाला, "नवरा पळाला तुझा, बाई. कंटाळला असंल तुला."

कर्फ्यू उठला, गोदाम उघडलं. सीतारामच्या तोंडात कापूस होता. तहानेने चघळलेला.

वसंता कठड्यावरून उतरून खाली बसला.

त्यानंतर बुधाजी एकही दिवस हाक चुकला नाही. पण पहिल्याच संध्याकाळी त्याने "कोण राहिला?" म्हटलं आणि आतून उत्तर आलं, "थांबा... मी हाय." कापसात कंदील नेत नाहीत, म्हणून बॅटऱ्या घेऊन टोळी आत गेली. कोपरान् कोपरा पाहिला. कुणी नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पुढे सवय झाली. उत्तर आलं की टोळीतला कुणीतरी ओरडायचा, "झोप रे सीताराम, उद्या भेटू!" आणि हसत हसत सगळे घरी जायचे.

सत्तावन्न सालची धनत्रयोदशी. रात्रीचा नऊचा भोंगा नुकता झाला होता. आता भाऊबीज उलटेपर्यंत गोदाम बंद. बुधाजीचा धाकटा भाऊ रामदास त्याच टोळीत नवा लागला होता. दुपारीच म्हणाला होता, जमलं तर भाऊच्या धक्क्यावर बोट धरतो, दिवाळीला आईकडे गावी जातो. रात्री तो दिसेना, तेव्हा बुधाजीला वाटलं, गेला. अंगात ताप होता म्हणून रामदास थप्पीमागे जाऊन निजला होता, हे कुणाला ठाऊक?

बुधाजीने दार अर्धं ओढलं. हाक दिली.

"कोण राहिला?"

...

"थांबा... मी हाय."

टोळी हसली. बुधाजीने दार आणखी ओढलं. बोटभर फट उरली.

"दादा... मी हाय."

हात थांबला.

"आज नातं जोडतोय बघा!" मागून कुणीतरी म्हणालं.

उघडावं? किती वेळा उघडलं होतं. दर वेळी रिकामं. सगळे बघत होते. घरी पणत्या लागल्या होत्या.

"दादा..."

कुलूप लागलं.

पहारेकरी पुढे सांगायचा, रात्रभर दार वाजत होतं. त्याने कानात कापूस घातला. दुसऱ्या रात्री कमी वाजलं. तिसऱ्या रात्री...

मामंजींची बिडी विझली होती, ती त्यांनी परत पेटवली नाही.

"मग?" वसंताने विचारलं. अगदी हळू.

"मग दार उघडलं. रामदास दाराशीच. पण दाराला बिलगून नव्हता. उताणा, सरळ ठेवलेला. हात छातीवर. आणि पायांचे दोन्ही अंगठे सुतळीनं एकत्र बांधलेले. प्रेताचे बांधतात, तसे. गाठ नीट मारलेली. कुलूप बाहेरून जसंच्या तसं."

"कुणी बांधले?"

"बुधाजी अजून मला तेच विचारतो."

मला त्या रात्री झोप आली नाही. मी कौसल्येसाठी एक मंगळवार जास्त धरला. आई आहे, तिच्या मनात असेल तर तो नवसही कुठेतरी रुजू होईल. आणि तेव्हापासून रात्री कडी लावण्याआधी मी गॅलरीत एक हाक देते, "कोणी राहिलं का?" आणि उत्तरासाठी थांबते. बायांनो, तुम्हीही देत जा. उत्तर आलं तर उघडा. दहादा फसलात तरी अकराव्यांदा उघडा. भूत असलं तर असू दे. त्याला दार उघडल्याने आपलं काय जातं?