झालरीतलं भोक

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी मॅरियन शिडीवर चढली ती नुसता रंग द्यायला. नदीकाठच्या त्या गल्लीतली सगळी घरं दीडशे वर्षांपूर्वी एकाच सुताराने बांधलेली. उभ्या फळ्यांच्या भिंती, उंच निमुळती छपरं, माडीला चर्चसारखी टोकदार खिडकी आणि छपराच्या कडेला करवतीने कातरलेली लाकडी झालर. झालरीला लोलक लोंबत होते. खिडकीजवळच्या लोलकाला आरपार भोक होतं. कीड लागली असेल म्हणून तिने ते पुट्टीने बुजवलं आणि वर पांढरा रंग ओढला.

"काय केलंस गं पोरी?" कुंपणापलीकडून म्हाताऱ्या मिसेस डेकर ओरडल्या.

"रंग दिला. छान दिसतंय ना?"

"दिसायला काय, मढंसुद्धा सजवलं की छान दिसतं! अगं, घरात मूल झालं की तो सुतार एक लोलक लावायचा. मूल गेलं की त्याला भोक पाडायचा. गेलेल्याला वाट हवी ना बाहेर पडायला? या गल्लीत ती भोकं कुणी बुजवत नाही."

मॅरियन हसली. बाळाच्या प्रत्येक शिंकेला ती घाबरायची; निदान भुतांना तरी घाबरू नये, एवढं शिक्षण झालं होतं. खरी काळजी वेगळीच होती. आठ महिन्यांची झाली तरी आयडा अजून बसत नव्हती. "बसेल गं, ती बालसंगोपनाची पुस्तकं मिटव आधी," असं म्हणून नवरा कामावर परगावी निघून गेला होता.

संध्याकाळी नदीवरून धुकं चढलं. आयडा माडीवर पाळण्यात झोपलेली. खाली स्वयंपाकघरात, पाळण्याजवळचा आवाज पोचवणाऱ्या बेबी मॉनिटरमधून तिचा श्वास ऐकू येत होता. एक... आणि त्यामागून, जरा उशिराने, दुसरा. ओलसर.

ती धावत वर गेली. पाळण्यात एकटी आयडा. खोलीत लाकडाच्या ओल्या भुशाचा वास.

खाली आली, तर पुन्हा दोन. आता ओलसर श्वास जोरात होता आणि आयडाचा बारीक, अगदी बारीक...

शिडी अजून तिथेच होती. मॉनिटर खिशात कोंबून, स्वतःला वेडी म्हणत ती चढली आणि स्क्रूड्रायव्हरने पुट्टी खरवडू लागली. शेवटचा खडा निघाला. भोकातून काहीतरी उबदार तिच्या गालाला घासून गेलं. दुधाचा वास आला.

खिशातला एक श्वास थांबला.

उरला तो ओलसर.

"आयडा...?"

तिने टोकदार खिडकीच्या काचेवरचं धुकं पुसलं. आत, पाळण्यात, आयडा ताठ बसून तिच्याकडे बघत होती.