मंद्रूपच्या विहिरीतली हाडं

बहात्तरच्या दुष्काळात मंद्रूपच्या महादेवप्पाची विहीर तळाला गेली आणि गाळ उपसताना तीन हाडं निघाली. म्हशीची असतील म्हणून गड्यांनी ती बांधावर फेकली. होणाऱ्या दाजींचं शेत बघायला अप्पांबरोबर गेलेल्या चंद्रव्वानं ती पिशवीत भरून सोलापूरला घरी आणली. अकरावीच्या वर्गात शास्त्रात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि बाईंना प्रयोगशाळेसाठी हाडं हवीच होती.

ओसरीवर पुस्तक उघडून तिनं तुकडे जुळवले. दोन बाजूंना दोन नितंबास्थी, मागं तिकोनी त्रिकास्थी. वरची वळणदार कड बोटानं चाचपली, मग तीच कड स्वतःच्या कमरेवर शोधली. सापडली की! पुढचं टोक सापडलं. ज्यांच्यावर माणूस बसतो ते खालचे दोन खडबडीत उंचवटेही सापडले. पुढच्या हाडांच्या कमानीत तिनं अंगठा आणि पहिलं बोट ताणून धरलं. चपखल बसलं. पुरुषाची कमान एवढी रुंद नसते.

बरोबर ओळखलं म्हणून आधी तिला आनंदच झाला. मग तिनं हाड उजेडात धरलं. डाव्या कडेवर घावाची भेग होती.

महादेवप्पाची पहिली बायको मायाक्का चार वर्षांमागं पळून गेली, असं सगळे सांगत. आणि चंद्रव्वाच्या अक्काचं, पार्वतम्माचं, सोमवारी त्याच्याशी लग्न होतं.

तिनं हाडं सुतळीनं बांधून ठेवली. सकाळी सुतळी बाजूला पडली होती आणि हाडं एकमेकांना सांधली होती. ओढून सुटेनात. सांध्याला हात लावला तर ऊब लागली.

अप्पांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि हळदीच्या तोंडावर हे कुठं बोलू नको म्हणून बजावलं. पण शनिवारी दुपारी महादेवप्पा शालू घेऊन आला, तेव्हा तिनं ते सांधलेलं हाड सरळ त्याच्यापुढं ठेवलं.

"दाजी, हे म्हशीचं न्हाय. बाईचं हाय."

तो हसला. "शाळंत लई शिकवत्यात की तुला." मग त्यानं पार्वतम्माला वरवंटा आणायला सांगितलं. ती जागची हलली नाही. त्यानंच आत जाऊन आणला.

अप्पा राहू द्या म्हणेपर्यंत पहिला घाव बसला. हाड तसंच राहिलं. कटकन आवाज आला तो त्याच्या कमरेतून.

तो गुडघ्यावर कोसळला. वरवंटा पुन्हा उचलला गेला.

दुसरा घाव. तिसरा. धोतर लाल होत गेलं. हाडावर ओरखडाही नव्हता.

"मामा," तो अप्पांना म्हणाला, "हात धरा माझा. थांबंना."

अप्पांनी धरला. त्यांनाही आवरेना.

सातव्या घावाला त्याच्या हातातून वरवंटा आपोआप सुटला.

दुसऱ्या दिवशी अप्पा महादेवप्पाच्या मातीला मंद्रूपला गेले. परत आले ते अंगणातच अंगावर पाणी ओतून घेत बसले. पार्वतम्मानं पंचा दिला आणि सगळं रीतीनं झालं का, एवढंच विचारलं.

"आपल्यात मढं मांडी घालून बसवून पुरत्यात," अप्पा म्हणाले. "चौघांनी धरला, तरी बसंना. रिकाम्या पोत्यागत कमरेत घडी व्हायचा. मग त्यातल्या वीरभद्रप्पानं कंबर चाचपून बघितली."

त्यांनी पंचा तोंडावरून फिरवला.

"तितं एकबी हाड न्हवतं."