आसरखेड्याचा भयांक

सुभद्राबाई झांबरे यांच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी भयांकाचा कायदा आला. इकडे अक्षता पडत होत्या आणि मांडवातली निम्मी माणसं मोबाइलवर त्या कायद्याची चर्चा ऐकत होती. "मंगलाष्टकं चाललीत मेल्यांनो, ते बोंबलणं बंद करा," असं बाई भर मांडवात ओरडल्या होत्या. बोंबलणं काही बंद झालं नाही. लेक सासरी रुळली, तिला दोन मुलं झाली, तरी चर्चा चालूच होती.

कायद्याच्या आधी दर वेळी एकच तमाशा होई. पोलीस एखाद्या फरारी माणसाच्या मागं लागत, तो गोळीनं मरे, आणि मग दोन तट पडत. एक तट म्हणे, लोक जीव मुठीत धरून बसले होते, पोलिसांनी केलं ते योग्यच. दुसरा म्हणे, कुणीही घाबरलेलं नव्हतं, तुम्हाला त्याला मारायचंच होतं. लोक खरोखर घाबरले होते की नाही, हे सांगणार कोण?

त्यावरचा उपाय डॉक्टर उन्मेष कारखानीस यांच्या प्रयोगशाळेत निघाला. माणूस घाबरला की त्याच्या घामातून काही खास रेणू हवेत मिसळतात. उन्हानं किंवा कष्टानं आलेल्या घामात ते नसतात. शेजारच्या माणसाचं नाक ते नकळत टिपतं. गर्दी एकाएकी बिथरते त्याचं एक कारण हेच. कारखानिसांनी या रेणूंना भयगंध असं नाव दिलं आणि तो हुंगणारा एक चपटा डबा तयार केला. डबा शून्यापासून शंभरापर्यंत आकडा दाखवी. तो आकडा म्हणजे भयांक. गावोगाव विजेच्या खांबांवर हे डबे बसले आणि लोक त्यांना 'नाक' म्हणू लागले.

कायदा ऐकायला सरळ होता. जितकं लोकांचं भय, तितकंच पोलिसांचं बळ. भयांक तिसाच्या आत असेल तर नुसतं बोलायचं. तिसाच्या वर लाठी आणि जाळं. साठ ओलांडले आणि फरारी माणसाकडं हत्यार असलं, तर गोळी. साहेबांच्या लहरीवर काही राहू नये म्हणून गोळीचा हुकूम यंत्राकडून थेट बंदूकवाल्या शिपायाच्या कानात येई. तो न पाळणाऱ्या शिपायाला जाब द्यावा लागे, की घाबरलेल्या जनतेला तू वाऱ्यावर का सोडलंस?

सुभद्राबाई आसरखेड्याच्या पोलीस पाटील होत्या. दर वर्षी जिल्ह्याच्या गावी पंख्याखाली बसवून हे सगळं त्यांना शिकवलं जाई आणि दर वर्षी त्या जांभया देत ऐकत.

मग मार्चमध्ये हेमराज पळाला.

हेमराज बोंडे हा बाईंच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो नुकता पाऊल टाकायला लागला होता. वाढला तो बाईंच्याच घरी. केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, हाताचा चलाख आणि तोंडाचा फाटका. हायवेच्या नाक्यावर गाडी अडवली, शब्दाला शब्द लागला, हवालदार दिगंबर सोनवणे यांनी त्याची कॉलर धरली आणि ह्यानं त्यांना ढकललं. हवालदारांचं डोकं कठड्यावर आपटलं. ह्यानं घाबरून त्यांचं पिस्तूल उचललं आणि धूम ठोकली. हवालदार त्याच दिवशी दवाखान्यात वारले.

बाई त्यांच्या घरी जाऊन आल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण जाणं भाग होतं. सोनवण्यांच्या बायकोनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि बाईंना ते बरोबरच वाटलं. निघताना मात्र ती म्हणाली, "तुमचा पोरगा सापडू द्या. पण जिवंत सापडू द्या. मला त्याला तोंडावर विचारायचंय."

ह्या बाईला टीव्हीवर कुणी बोलू दिलं नाही. तिचा फोटो तेवढा एका कोपऱ्यात ठेवून बाकीचेच भांडत होते.

हेमराज अखेर आसरखेड्याच्या शिवारातच सापडला, म्हणजे असल्याचं कळलं. तापीच्या बाजूला निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या केळीची मोठी बाग आहे. वर पानांचं दाट छत, त्यामुळं ड्रोनला खालचं काही दिसेना. इन्स्पेक्टर सलीम तडवी यांनी सकाळीच बागेला वेढा घातला. त्यांच्यामागं वाहिन्यांच्या गाड्या आल्या, त्यांच्यामागं 'हेमराज बचाव समिती' आली, तिच्यामागं 'पोलीस सन्मान मंच' आला. दोघांनीही भोंगे आणले होते.

बाईंचा फोन वाजला. "सुभद्राताई, तुम्ही लाइव्ह आहात. तुमच्या गावात दहशतीचं वातावरण आहे का?"

"आहे ना. तुमच्या गाड्यांनी गव्हाचं उभं पीक तुडवलं, त्याची दहशत आहे."

"म्हणजे पोलिसी बळाला तुमचा विरोध आहे?"

"तुला विरोध आहे बाबा. ठेव फोन."

बाईंनी मग दोन्ही भोंग्यांच्या वायरी उपटल्या. समितीचा अध्यक्ष म्हणाला, "अहो बाई, आम्ही तुमच्याच बाजूनं आहोत." मंचाचा अध्यक्षही म्हणाला, "अहो बाई, तुम्ही तर आमच्याच खात्याच्या." बाईंनी दोघांना एकाच शेताच्या दोन टोकांना बसवलं आणि तोंड उघडाल तर गावचं पाणी मिळणार नाही, असा दम भरला.

तेवढ्यात बागेतून हाक आली. आवाज बसका होता, पण बाईंनी तो ओळखला.

"मावशे! मी बाहेर येतो. पण गाव समोर बसव! कुणी बघत नसलं तर हे मला उडवतील आणि म्हणतील, त्यानंच पिस्तूल रोखलं!"

तडवी म्हणाले, "पाटीलबाई, माझ्याकडनं त्याला धोका नाही. हा आकडा खाली राहू द्या, बास. मला तो हातकड्या घालूनच न्यायचाय."

आकडा दाखवणारा डबा सोबत घेऊन डॉक्टर कारखानीस स्वतः आले होते. बागेजवळ खांब नव्हता, म्हणून त्यांनी तो तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा केला होता. पांढरी टोपी, अंगभर उन्हाचं मलम, आणि बोलणं शाळेतल्या मास्तरासारखं समजावून सांगणारं.

"डॉक्टर, गाव इथं आणलं तर तुमचं नाक बिघडेल का?" बाईंनी विचारलं.

"गावाला हेमराजची भीती वाटते का?"

"त्याची? त्याला गावानं नागडा पाहिलाय. त्याची कोण भीती बाळगतंय?"

"मग आणा खुशाल. न भिणारी माणसं जितकी जास्त, तितका आकडा खाली."

बाईंना हायसं वाटलं. आसरखेड्यात एक रीत होती. कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, किंवा एखादी बाई अडली, की सगळं गाव त्या दारात येऊन बसे. चुली पेटत नसत, कुणी बोलत नसे, आणि निकाल लागेपर्यंत कुणी उठून जात नसे. मधूनच उठून जाणं म्हणजे त्या माणसाचा हात सोडणं, असं मानत. बाईंनी निरोप पाठवला आणि गाव आलं. म्हातारीकोतारी आली, लेकुरवाळ्या आल्या, हेमराजशी ज्यांचं वाकडं होतं तेही आले. बागेसमोरच्या मोकळ्या रानात सगळे मांडी घालून बसले आणि गप्प झाले.

डब्यावर आकडा बावीस होता. थोड्या वेळानं तो एकतीस झाला. मग अडतीस.

"ऊन लागतंय का डब्याला?" बाई म्हणाल्या.

"उन्हाचा संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी डब्याची झडप उघडून पाहिली, पुसली, परत लावली. आकडा चव्वेचाळीस झाला.

बाईंनी वळून गावाकडं पाहिलं. कुणी हलत नव्हतं. समोर पंधरावीस बंदुका बागेकडं रोखलेल्या, आणि सगळ्यांचे डोळे त्या बंदुकांवर. हेमराजची चुलती पदर तोंडात कोंबून बसली होती.

"डॉक्टर," बाई हळू म्हणाल्या, "हे बागेला नाही घाबरलेत. हे बंदुकांना घाबरलेत. पोरगं मरेल म्हणून घाबरलेत. हे तुमच्या नाकाला कळतं ना?"

डॉक्टरांनी टोपी काढली. "बाई, घामातला रेणू एकच असतो. वाघ समोर आला तरी तोच, आणि लेकरू विहिरीकाठी गेलं तरी तोच. भीती का वाटली ते रेणूत नसतं."

"मग आधी का नाही बोललात?"

"तसं कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही बाजारात मोजलं, स्टेशनवर मोजलं. फरारी माणसावर माया करणारं अख्खं गाव आमच्यापुढं कधी बसलंच नव्हतं."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. इतकी शिकली-सवरली माणसं, एवढा मोठा कायदा, एवढी वर्षं चर्चा, आणि कुणाच्याच डोक्यात हे आलं नाही! त्या तरातरा गावासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"उठा! सगळे घरी जा!"

कुणी उठलं नाही. उलट, पाटीलबाईच घालवून देतायत म्हणजे काहीतरी वाईट घडणार, असं समजून बायका रडायला लागल्या. आकडा पन्नासावर गेला. तडवींनी दुरून हात हलवून खूण केली, की काहीतरी करा.

तेव्हा बाईंनी तोंड सोडलं. शिव्या द्यायला त्यांना कधीच अडचण आली नव्हती. "अरे, मयताला बसल्यासारखी थोबाडं करून काय बसलात? तो मेला नाहीय अजून! भीमराव, तुझ्या लग्नात तू घोड्यावरनं पडलास तेव्हा हेच तोंड केलं होतंस. आणि गं गोदे, तू कशाला रडतेस? मागल्या साली ह्याच हेमराजनं तुझी कोंबडी ट्रकखाली घातली, तर महिनाभर त्याला शिव्यांची लाखोली वाहत होतीस!"

"कोंबडा होता तो!" गोदाबाई रडता रडता म्हणाली.

"बरं, कोंबडा! त्याचा रस्सा कुणी खाल्ला?"

"तुम्हीच की हो पाटीलबाई," मागून कुणीतरी म्हणालं, आणि गाव हसलं. आधी दोघंतिघं, मग सगळेच. डॉक्टर ओरडले, "एकेचाळीस! चौतीस! बोलत राहा बाई!"

बाई बोलत राहिल्या. काय बोलल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही. कोरड पडली तरी बोलल्या. आणि त्या हशातच केळीची पानं हलली आणि हेमराज बाहेर आला.

दोन्ही हात वर होते. पिस्तूल कमरेला खोचलेलं दिसत होतं. दाढी वाढलेली, पायांत काही नाही. गाव हसायचं थांबलं. बाईंनीही बोलणं थांबवलं. त्याला इतका वाळलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"तसाच ये," तडवी म्हणाले. "हात वरच ठेव. हळू."

तो मावशीकडं बघत चालला होता, पायाखाली नाही. ठिबकची नळी त्याच्या पायात अडकली. तो पुढं झुकला आणि तोल सावरायला त्याचा उजवा हात खाली आला, कमरेजवळ.

सगळ्या गावाचा श्वास एकदम अडकला. बाईंना पाठीला गार घाम सुटलेला कळला. तिकाटणं त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतं.

"थांबा! कुणी गोळी नाही झाडायची!" तडवी ओरडले. पण हुकूम त्यांच्याकडून जायचा नव्हता. तो शिपायाच्या कानात आधीच पोचला होता.

संध्याकाळी चर्चा झाली. गंमत म्हणजे या वेळी दोन्ही तट खूश होते. मंच म्हणाला, भयांक सदुसष्ट होता, गोळी कायदेशीर. समिती म्हणाली, गोळीचा निर्णय साहेबाच्या मर्जीनं झाला नाही, हेच आम्ही वर्षानुवर्षं मागत होतो. सूत्रधार म्हणाला, अखेर लोकांनीच ठरवलं. बाईंनी टीव्हीवर पाटा घातला नाही, एवढंच.

पुढं चौकशी बसली. डॉक्टर कारखानिसांना विचारलं, यंत्रात बिघाड होता का? ते म्हणाले, "नाही. यंत्रानं बरोबर मोजलं." त्यांना आणखी काही सांगायचं होतं, पण पुढचा प्रश्न बाईंना विचारला गेला.

"फरारी इसम बागेतून बाहेर आल्यावर तुम्हाला भीती वाटली का?"

"वाटली."

"किती?"

"जन्मात वाटली नव्हती इतकी. पण साहेब, ती कशाची होती ते ऐका. मी त्याला वाढवलाय. तुमच्या बंदुका..."

"वाटली की नाही, एवढंच हवंय. धन्यवाद."

अहवालात एक ओळ आली: गावच्या पोलीस पाटील यांनी स्वतः तीव्र भीती वाटल्याचे मान्य केले आहे, सबब बळाचा वापर समर्थनीय ठरतो. त्यानंतर सगळ्या ठाण्यांना परिपत्रक गेलं, की वेढ्याच्या वेळी फरारी व्यक्तीवर जीव असणाऱ्या कुणालाही जवळपास थांबू देऊ नये. त्यांच्यामुळे जीवितास धोका संभवतो. तडवींनी ते बाईंना वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे यापुढं ज्याला कुणी नाही, तोच वाचायचा." तडवींनी कागदाची घडी करून खिशात घातली.

हवालदार दिगंबर सोनवणे नऊ मार्चला वारले. हेमराज बोंडे बावीस मार्चला, भर दुपारी, आसरखेड्यात सगळ्या गावासमोर मेला.