दुसऱ्या तव्यापासून कुरिअर फुकट

आमच्या पहिल्या भेटीत त्याच्या पायावर वरवंटा पडला, आणि तो मीच पाडला. मुद्दाम नाही. जयनगरच्या त्या घराची बेल वाजवताना दाराआड एखाद्या काकू असतील असं मी धरून चालले होते. दार उघडलं तर समोर एक उंच, चष्मेवाला मुलगा. नुकताच न्हालेला, केसांतून पाणी ठिबकत असलेला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या हातातल्या पिशवीचा बंद… नाही, बंद तुटायचाच होता. त्याच्या बघण्याचा काही संबंध नाही, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते.

तो ओरडला नाही. त्यानं डोळे मिटले, ओठ दाबले, एका पायावर उभा राहिला आणि जरा वेळानं म्हणाला, "दोन किलो शंभर. पन्नास ग्रॅम इकडे-तिकडे."

"काय?"

"वरवंटा."

मागाहून कळलं, की श्रीहर्ष एका सरकारी संशोधन संस्थेत वजनकाटे तपासायचं काम करतो आणि केसाएवढी चूकही त्याच्या तावडीतून सुटत नाही. पण त्या क्षणी मला वाटलं, मार डोक्याला लागला असावा.

आता मी वरवंटा घेऊन जयनगरात काय करत होते, ते सांगायला हवं. माझं 'जडशीळ' नावाचं ऑनलाइन दुकान आहे. बिडाचे तवे, आप्पेपात्रं, दगडी खलबत्ते, पाटे-वरवंटे. आम्ही राहतो बनशंकरीला. बाबा सरकारी कारखान्यात माल तपासणीच्या खात्यात होते. ते गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि आईला पुण्याचे वेध लागले. मला बंगळूरु सोडायचं नव्हतं. शेवटी तह झाला: संक्रांतीपर्यंत दुकान स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर मी इथं राहायचं, नाही तर गुमान त्यांच्याबरोबर जाऊन मामानं बघून ठेवलेल्या बँकेतल्या नोकरीवर रुजू व्हायचं. नोकरी चांगली होती. माझी तक्रार एवढीच, की ती पुण्यात होती.

एकाहून जास्त वस्तू घेणाऱ्याला कुरिअरमध्ये सवलत दिली की विक्री वाढते, असं माझी मैत्रीण आश्लेषा म्हणाली. तिच्या दुकानात पहिल्या वस्तूला कुरिअरचा आकार, दुसरीपासून फुकट. मी तिचं सेटिंग जसंच्या तसं उतरवलं. आश्लेषा कानातली विकते. कानातल्यांचे दहा जोड एका पाकिटात मावतात. तव्यांचं तसं नसतं, हे उतरवताना माझ्या डोक्यात आलं नाही.

प्रेमाक्कांच्या डोक्यात मात्र लगेच आलं. प्रेमाक्का म्हणजे श्रीहर्षची आई. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेलं, मराठी घरापुरती आणि तीही कन्नडचा तडका दिलेली. त्यांनी भजनी मंडळातल्या सगळ्या बायकांच्या याद्या गोळा केल्या आणि एकाच नावावर, एकाच पत्त्यावर ऑर्डर टाकली: अकरा तवे, चार खलबत्ते, तीन आप्पेपात्रं आणि एक पाटा-वरवंटा. कुरिअरचा आकार एका तव्याचा. कुरिअरवाल्यानं तो ढीग बघून घरात लग्न आहे का विचारलं, आणि त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी सरळ ऑटो केला. ऑटोवाल्यानं अर्ध्या वाटेत मागे वळून तवे मोजले. "मॅडम, स्वल्प जास्ती कोडी," तो म्हणाला. एवढं कन्नड कुणालाही कळतं. मी निमूटपणे जास्तीचे पैसे दिले.

प्रेमाक्का स्वतःवर बेहद्द खूश होत्या. "एवढ्या जणींचं कुरिअर वाचवलं की हो मी," त्या म्हणाल्या. "बसा, स्वल्प कॉफी घ्या."

श्रीहर्ष अंगठ्यावर बर्फ धरून बसला होता. "वाचलं ते कुणाचं गेलं, अक्का?" त्यानं विचारलं. आईला तोही अक्काच म्हणायचा, त्यांच्याकडे तशीच रीत.

प्रेमाक्कांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि माझ्या बशीत आणखी दोन कोडबळी, म्हणजे त्यांच्याकडची कडबोळी, वाढली.

मग त्यानं एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मला सवलत शिकवली. दुसऱ्या वस्तूला खोका तोच, पत्ता तोच, पोचवणारा माणूसही तोच, तेव्हा तेवढं गिऱ्हाइकाला सोडायचं. वजन सोडायचं नाही. म्हणजे सवलत नगावर न देता वजनावर द्यायची: पहिल्या किलोला पूर्ण आकार, पुढच्या प्रत्येक किलोला कमी. आणि बंगळूरुतली ऑर्डर दहा किलोच्या वर गेली, तर ती कुरिअरला द्यायचीच नाही. शनिवारी स्वतः नेऊन पोचवायची, फुकट.

"स्वतः म्हणजे कोणी?" मी विचारलं.

"आमच्याकडे जुनी व्हॅन आहे," तो पत्रिकेकडे बघत म्हणाला. "शनिवारी ती… नुसतीच उभी असते."

पुढच्या रविवारी तो स्वतःचा काटा घेऊन आमच्या घरी आला. काटा टेबलावर मांडला, पातळी बघितली, पंखा बंद करायला लावला. एक तवा अलगद ठेवला आणि मला म्हणाला, "श्वास रोखून धरा."

मी धरला. पंखा बंद, खिडकीत ऊन, आणि तो काट्यावर वाकलेला. चष्म्याच्या आड त्याच्या पापण्या केवढ्या लांब होत्या. माझं डोकं गरगरायला लागलं.

"अजून किती वेळ?" मी कसंबसं विचारलं.

"झालं होतं मघाशीच."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही इतका मनापासून धरला होतात…" तो म्हणाला, आणि घाईघाईनं दुसरा तवा उचलायला गेला.

तेवीस वस्तूंची वजनं त्यानं स्वतः दुकानात भरली. वजनं वेळोवेळी तपासावी लागतात, असं तो म्हणाला, म्हणून मी त्याला पासवर्डही देऊन टाकला. आईला पाच वर्षांत मी माझ्या फोनचा पासवर्ड सांगितलेला नाही.

पहिल्या शनिवारी व्हॅनमध्ये एकच ऑर्डर होती. दुसऱ्या शनिवारी चार. दिवाळीनंतर तर आठ-आठ व्हायला लागल्या. लोक मागवायचे दोन वस्तू आणि दुकान आम्हाला सांगायचं, ऑर्डर दहा किलोच्या वर गेली, शनिवारी नेऊन द्या. आम्ही बनशंकरीहून निघायचो, जयनगरचे जिने चढायचो, कधी पार इंदिरानगरपर्यंत जायचो. मध्ये कुठल्याशा दर्शिनीत, म्हणजे उभ्या-उभ्या खायच्या हॉटेलात, बाय-टू कॉफी. इथं एक कॉफी दोघांत वाटून घ्यायची पद्धत आहे आणि ती कंजुषीची मानत नाहीत. श्रीहर्ष ती डोळ्यांच्या रेषेत धरून इतकी सारखी वाटायचा, की मागचे लोक खोळंबायचे. मग हळूच स्वतःच्यातला एक घोट माझ्या पेल्यात ओतायचा. हे मी पाहिलंय हे मी त्याला कधी कळू दिलं नाही.

तिसऱ्या शनिवारपासून मी त्याला अरे-तुरे करायला लागले. तो मात्र 'तुम्ही'वरून हलेना. मी एकदा चिडवलं, की तुझं 'तुम्ही' सरकारी शिक्का मारलेलं आहे का. तो म्हणाला, घाईत माप चुकतं. नुसत्या त्या वाक्यावर मी आठवडा काढला.

आणखी एक गंमत व्हायची. तीन मजले चढून जाताना सहा किलोचा खलबत्ता मला काहीच वाटायचा नाही. एका हातात खलबत्ता, दुसऱ्या हातात तवे, आणि मी गाणं गुणगुणत जिना चढतेय. मला वाटलं दंड तयार झाले. आश्लेषा म्हणाली, दंड नाहीत गं शलाका, तू प्रेमात पडली आहेस. मला तिचं म्हणणं पटलं.

पण दुकान काही उभं राहीना. बंगळूरुतल्या ऑर्डरी यायच्या, त्यात फुकट पोचवणं आणि पेट्रोल. खरी कमाई बाहेरगावच्या ऑर्डरींत असते, आणि त्या ऑक्टोबरपासून आटत गेल्या. धारवाड, सोलापूर, नाशिक… कुणीच नाही. लोक यायचे, तवे बघायचे, पिशवीत टाकायचे आणि तिथंच सोडून जायचे. मी फोटो बदलले. मजकूर बदलला. आप्पेपात्रात आप्पे घालून फोटो काढले, मग आप्पे नको म्हणून रिकाम्याचे काढले. एका दुपारी तर तव्यांपुढे बसून रडले. बाबा काही बोलत नव्हते, पण पुण्याच्या घराला रंग लावून झाला होता.

या तहाबद्दल मी श्रीहर्षला सांगितलं नव्हतं. कुणी आपली कीव करून थांब म्हणावं, हे मला नको होतं. डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी मात्र सांगावंच लागलं. कॉफी वाटून झाली होती. मी म्हणाले, आईबाबांशी ठरल्याप्रमाणे संक्रांतीनंतर मी पुण्याला जातेय, कायमची. बाहेरगावच्या ऑर्डरी बंद झाल्या, मला दुकान चालवायला जमलं नाही.

त्याचा पेला तोंडापाशी तसाच राहिला. "बाहेरगावच्या?" एवढंच त्यानं विचारलं. मग घरापर्यंत एक अक्षर नाही. जा म्हणाला नाही, राहा म्हणाला नाही. मी व्हॅनमधून उतरले, जिना चढले आणि न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडून रडले.

रविवारी सकाळी नऊ वाजता तो दारात उभा. एका हातात काटा, दुसऱ्या हातात फाइल, आणि इस्त्रीचा शर्ट. मला ओलांडून तो थेट बाबांसमोर गेला.

"काका, माझ्याकडून एक गंभीर चूक झालीय. लेखी देऊ की तोंडी सांगू?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. छत्तीस वर्षं त्यांनी सदोष मालाचे अहवाल वाचले होते, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना असं कुणी काही विचारलं नव्हतं. "आधी तोंडी," ते खुर्चीत सरसावून बसत म्हणाले. "बसा."

"तेवीसपैकी नऊ वस्तूंची वजनं मी खोटी भरली."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले.

"किती फरकानं?" बाबांनी विचारलं.

"दुपटीनं. खलबत्ता तीन किलो दोनशे आहे. मी सहा चारशे लिहिला."

"कारण?"

श्रीहर्षचे कान लाल झाले. "ऑर्डर दहा किलोच्या वर गेली, की शनिवारी स्वतः पोचवावी लागते."

"बरं, मग?"

"शनिवारी शलाका बरोबर असते."

स्वयंपाकघरात आईचा मिक्सर बंद झाला. बाबांनी चष्मा काढून पुसला.

मग तो खाली बघून भराभर सांगत गेला. आधी एकच तवा बदलला. तो शनिवार फार छान गेला, म्हणून पुढच्या आठवड्यात आणखी एक. त्याला वाटलं होतं, वजनाचा संबंध बंगळूरुपुरता. बाहेरगावचं कुरिअरही त्याच वजनावर निघतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. धारवाडच्या बाईला दोन तव्यांना चार तव्यांचा आकार दिसत होता आणि ती तवे सोडून जात होती. काल रात्री त्यानं सगळं तपासलं. "दुकान शलाकानं नाही पाडलं, काका, मी पाडलं. संक्रांतीची मुदत तिला लावू नका."

मी ट्रे आपटला. "तीन महिने मी फोटो बदलत होते. मला वाटलं मलाच जमत नाही. मी तव्यांपुढे बसून रडलेय, श्रीहर्ष."

तो उभा राहिला.

"आणि मला वाटत होतं, माझे दंड तयार झालेत."

"थोडे झालेत," तो अगदी हळू म्हणाला.

मला हसू आलं आणि त्याचा मला भयंकर राग आला. बाबांनी घसा खाकरला आणि त्याला विचारलं, की तुमच्या खात्यात खोटं वजन लिहिणाऱ्याला काय शिक्षा होते. नोकरी जाते, तो म्हणाला. मग इथं काय व्हावं?

"ते तिनं ठरवायचं," श्रीहर्ष म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तू जाऊ नकोस. शनिवार असो नसो, तू जाऊ नकोस. मला तू फार आवडतेस. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण तेव्हा पाय दुखत होता."

इतक्या आठवड्यांचं ते 'तुम्ही' एका दमात गळून पडलं होतं. माझा राग गेला नव्हता. तो पुढचे दोन आठवडे चांगला टिकला. पण त्या रागाच्या खाली मला इतकं बरं वाटत होतं, की ट्रेमधला पहिला कप मी त्याच्यापुढे सरकवला.

बाबांनी बोटांवर हिशेब केला. "खोट्या मापात किती दिवस गेले?"

"ब्याऐंशी," श्रीहर्ष म्हणाला.

"मग संक्रांतीच्या पुढे ब्याऐंशी दिवस वाढवून," बाबांनी निकाल दिला.

"नको बाबा," मी म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "मुदतच नको. खरी वजनं भरली की दुकान चालेल. आणि नाही चाललं तर इथंच दुसरं काही करीन. मी पुण्याला येत नाहीये."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं मला पाहिलं, श्रीहर्षला पाहिलं, आणि म्हणाली, की पुण्याच्या घरात एक खोली पाहुण्यांसाठी राहू दे म्हणजे झालं. मग तिनं श्रीहर्षला विचारलं, जेवायला थांबणार ना.

त्या दुपारी नऊच्या नऊ वस्तू पुन्हा तोलल्या. पंखा बंद होता. बाबा देखरेखीला बसले होते आणि फक्त काट्याकडे बघत होते, निदान तसं दाखवत तरी होते. खलबत्ता ठेवला, आकडे थरथरले आणि थांबले. तीन किलो दोनशे. उजव्या हातानं मी तो आकडा लिहिला. टेबलाखाली माझा डावा हात श्रीहर्षच्या हातात होता, आणि बाबा बाकीच्या आठ वस्तू नीट तपासून होईपर्यंत मी तो काढून घेतला नाही.